आईच्या आजाराचा ठपका

प्रिय चिमणे,

घरी आल्या आल्या घाईनं लिहितेय, अक्षर लागलं नाही तर चालवून घे. आज लॅबमध्ये मी साहेबांशी भांडले. चार माणसांसमोर, आवाज चढवून.

आईला कसले कसले आवाज ऐकू यायचे, ते ज्या जनुकातल्या बदलामुळे असं आपल्याला सांगितलं होतं, त्याचाच अभ्यास आम्ही सहा वर्षं केला. दोन हजार लोकांचं रक्त मी तपासलं, निम्मे आजारी, निम्मे धडधाकट. आज सकाळी आकडे हाती आले. तो बदल जितक्या आजाऱ्यांत, तितक्याच धडधाकटांत. आजाराशी त्याचा काडीचा संबंध दिसत नाही! मी धावत सांगायला गेले, तर साहेब म्हणतात, "काही सापडलं नाही, हे कोण छापणार? ठेवून द्या फाइल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सात वर्षांपूर्वी चाळीसच माणसं तपासून 'संबंध आहे' म्हणून तुम्हीच छापलंत ना? ते वाचून डॉक्टरांनी माझ्या बहिणीचं रक्त तपासलं, त्यात तो बदल सापडला आणि 'मूल होऊ देण्याआधी विचार करा' म्हणाले. साहेब चष्मा पुसत बसले. आमची आकडेमोड करणारा एरवी मान वर करत नाही, तो उठून म्हणाला, "हे आकडे छापायला पाठवा, ताईंबरोबर माझीही सही घ्या. तुम्ही नाही पाठवलंत तर आम्ही पाठवू." पाठवलं आम्ही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

डॉक्टरांकडून आलीस त्या दिवशी आरशासमोर उभी राहून तू विचारलंस, "ताई, माझ्या डोळ्यांत आईसारखं काही दिसतं का गं?" मी "वेडी आहेस का!" म्हणाले आणि जीभ चावली. नंतर तुम्ही दोघांनी मुलाचा विषयच बंद केलात.

साहेबांवर ओरडले खरी, पण बसमध्ये बसल्यावर कळलं, मी तरी वेगळं काय केलं? अभ्यास सुरू झाला त्याच वर्षी मी गुपचूप माझंही रक्त तपासलं होतं. तो बदल माझ्यातही आहे, चिमणे. मी ठणठणीत, माझ्या दोन्ही पोरी ठणठणीत. तेव्हाच सांगितलं असतं तर तुझी भीती अर्धी झाली असती. पण लोक माझ्या पोरींकडे संशयानं बघतील म्हणून तो कागद मी कपाटात दडपला, आणि आईच्या आजाराचा ठपका तुला एकटीला वाहू दिला. तो कागद सोबत जोडलाय. तू आता एकोणचाळीस वर्षांची आहेस. उशीर झाला की नाही, मला ठाऊक नाही. रविवारी येते. दार उघड, मग काय बोलायचं ते तोंडावर बोल.

तुझीच, इतकी वर्षं गप्प बसलेली,
ताई