पत्र नको, पत्रा पाठवा

रा. रा. भाऊजी यांस,

वहिनीचा अर्धा आशीर्वाद आणि अर्धा नमस्कार. आशीर्वाद तुम्ही वयाने लहान म्हणून, आणि नमस्कार तुमच्या रागाला, कारण तो आता आपल्या घरातल्या सगळ्यांपेक्षा वडील झालाय. तुमची तब्येत बरी असेल. डावा गुडघा वाकत नसेलच. तो भर तारुण्यातही वाकला नाही, आणि स्वभावही पुढे त्या गुडघ्यावरच गेला. जाऊबाईंचा खोकला थांबला असेल तर चांगलं. नसेल थांबला, तर निदान घरात कोणाचा तरी आवाज आहे असं समजावं. इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे ठीक काही नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसं लिहितात म्हणून लिहिलं.

तुमच्या बंधूंची उजवी बाजू गेली ते माझ्या मुलाने तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. त्यावर तुम्ही ‘जपा’ एवढाच निरोप दिलात. जपतोय. घास भरवते, त्यातला निम्मा माझ्या बाहीवर येतो. उजवा पाय लाकडासारखा ताठ झालाय, आणि वाचा बसली ती काही पुरती उठेना. एक तरुण बाई यांना बोलायला शिकवायला घरी येते. (जो माणूस उभ्या जन्मात दिवसाला चार वाक्यं बोलला, त्याला आता बोलायला शिकवतात. मी म्हटलं, बाई, तुम्ही जरा उशिरा आलात.) ती चित्रं दाखवते आणि यांनी नाव सांगायचं. कपाचं चित्र बघून हे म्हणाले ‘बोल्ट’. मांजर बघून म्हणाले ‘पाना’. छत्री बघून मात्र ‘छत्री’ म्हणाले, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. तिला काय ठाऊक, ती छत्रीसुद्धा ट्रॅक्टरचीच. खुर्चीचं चित्र दाखवलं की दर वेळी एकच शब्द म्हणतात. तो मी इथे लिहिणार नाही, उगाच तुमच्या डोक्यात हवा जायची. बाई चुकलं म्हणून फुली मारते.

आता मुद्द्यावर येते. (येते म्हणजे वाटेत थांबत थांबत येईन, माझेही गुडघे काही नवे नाहीत.) आम्ही हे घर महिनाअखेर सोडतोय. मुलगा आम्हाला त्याच्या फ्लॅटवर नेणार, तिसऱ्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, खिडकी आहे, आणि खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. बाकी सामानाचं काही नाही, भांडी कुठेही गेली तरी भांडीच. प्रश्न आहे मागच्या शेडमधल्या त्या लाल धुडाचा, ज्याला ट्रॅक्टर म्हणायची पद्धत तुम्हा दोघा भावांनी पाडली. (खऱ्या ट्रॅक्टरने त्याला पाहिलं तर कडेवर घेईल.) तुम्ही दोघं इस्पितळाच्या बागेत कामाला होतात, हे माळी आणि तुम्ही यंत्रांवर, तेव्हा तिथल्या साहेबांनी ते जुनं झालं म्हणून भंगारात काढलं आणि तुम्ही ते भर रस्त्यातून ढकलत घरी आणलंत. लग्नाच्या दिवशीही यांच्या तोंडावर मी तसं तेज पाहिलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण तुम्ही ते विसरलात असं दाखवता. तुम्ही म्हणालात, कंपनीतून निघाला तसाच ठेवायचा. हे म्हणाले, कामाचा करायचा. तुम्ही घासूनपुसून रंग द्यायचात, आणि रंग वाळला की हे त्याला भोक पाडायचे. शेवटी दिवा बसवायला म्हणून यांनी बॉनेटला, म्हणजे इंजिनावरच्या त्या तोंडाच्या पत्र्याला, बरोबर कपाळावर भोक पाडलं, आणि तुम्ही तो पत्रा उचकटून, काखोटीला मारून जे बाहेर पडलात ते आजतागायत. बसमध्ये कंडक्टरने पत्र्याचं वेगळं तिकीट मागितलं म्हणे. अशी वाटणी मी जन्मात पाहिली नाही. लोक घर वाटून घेतात, जमीन वाटून घेतात. तुम्ही एका यंत्राचं तोंड आणि धड वाटून घेतलंत.

भाऊ गेल्याचं दुःख तुमच्या बंधूंनी कसं केलं म्हणाल, तर त्यांनी ट्रॅक्टरला अटॅचमेंटी लावल्या. हा शब्द आमच्या घरात मिठासारखा रोजचा. ज्याला नट-बोल्ट लागतो आणि ज्याची गरज नसते, ती अटॅचमेंट. आधी तोंडाला माझ्या बिघडलेल्या कपडे धुवायच्या मशीनचा पुढचा पत्रा लावला. (बिघडलेली हे त्यांचं म्हणणं. ती नुसती आवाज करत होती. आणि आवाज करणारी वस्तू खोलायचीच तर माझा नंबर आधी लागायला हवा होता.) त्या पत्र्याच्या गोल भोकात दिवा बसवला. मग पुढे माती लोटायचं फाळकं आलं, पोटाखाली गवत कापायच्या पात्यांचा डबा आला, मागे ट्रॉली आली, मागच्या चाकांना वजन हवं म्हणून रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून ते डबे चाकांवर आवळले, चिखल कधी नसायचाच तरी चिखलासाठी साखळ्या आल्या, डोक्यावर छत्री आली आणि सायकलचा भोंगा. एवढं लेवून ते बाहेर निघालं की लोक थांबून बघायचे, आणि त्यांना घाईने बघायची गरज नसायची, कारण ते वजनाने जागचं हलायचं नाही. सगळ्यात शेवटी यांनी चालवणाऱ्याच्या बाजूला आणखी एक बैठक बसवली, चांगली गादीची. ती माझ्यासाठी असणार असं मी धरून चालले. यांनी कधी ‘बस’ म्हटलं नाही, मी कधी विचारलं नाही. आमचा सगळा संसार त्याच रीतीने झाला.

तर मुलाने आता एक गृहस्थ शोधून आणले. त्यांना जुनी यंत्रं पाळायचा नाद आहे. मोठ्या हॉलमध्ये ओळीने उभी करतात, वर कापड घालतात, आणि चालवत नाहीत. (तिसऱ्या मजल्यावर आमचंही तेच होणार आहे.) त्यांनी आमचं धूड पाहिलं आणि मयताला आल्यासारखे टोपी काढून उभे राहिले. मग म्हणाले, “यात ओरिजिनल काय उरलंय?” मी म्हटलं, गंज. पण खाली वाकून कुठलासा नंबर वाचल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, हे आता फारसे कुठे बघायला मिळत नाहीत. तोंडाचा मूळ पत्रा मिळाला आणि ही सगळी भरताड काढली तर नेतो, नाहीतर नको. त्यांनी नको म्हटलं तर भंगारवाला, असं मुलगा म्हणाला. हे शेजारीच खुर्चीत होते. वाचा गेली की लोकांना वाटतं कानही गेले.

आता माझी फजिती ऐका. मुलाने त्या शिकवणाऱ्या बाईला दारात गाठून विचारलं, ट्रॅक्टर गेला तर बाबांचं कसं होईल. मी आत चहा गाळत होते. ती म्हणाली, आजोबांची अटॅचमेंट खूप दिसते, ती एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. मी म्हटलं, पोरगी शहाणी आहे, ओरिजिनलवालेही तेच सांगून गेले. दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावल्या आणि पाना घेऊन शेडमध्ये शिरले. छत्री काढायला गेले तर ती आतल्या आत उघडली आणि मला कोपऱ्यात दाबून बसली. शेजारीण येईपर्यंत मी आणि एक पाल समोरासमोर. सिमेंटचा डबा सुटला तो उतारावरून घरंगळत फाटकापर्यंत गेला आणि पोस्टमनच्या सायकलला धडकला. तो म्हणतो, “आजी, टपाल नसलं तर त्यात माझा काय दोष?” (तुमचं पत्र येत नाही हे त्यालाही पाठ झालंय.) फाळक्याचा शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा फाळकं माझ्या पायाच्या अंगठ्यावर आलं. नख काळं पडलंय, जाईल आता. जायचेच दिवस आहेत.

बाई आली की मी तिला खबर द्यायचे.

“आज एक मोठी अटॅचमेंट काढली.”

तिचे डोळे पाण्याने भरले. “फार त्रास झाला असेल ना, आजी?”

“झाला की. गंजून घट्ट बसली होती. तेल सोडलं, हातोडा घातला, तेव्हा कुठे सुटली.”

ती म्हणाली, “प्रत्येकाची आपापली पद्धत असते.” आणि माझा हात हातात घेतला. ग्रीस लागलं तिला, तरी सोडला नाही.

इकडे हे खिडकीत बसून बघायचे. मी एकेक वस्तू अंगणात मांडत होते आणि हे एकेक घास कमी करत होते. ट्रॉली काढली त्या दिवशी दूधही घेतलं नाही, तोंड भिंतीकडे केलं. बाईला सांगितलं तर म्हणाली, अटॅचमेंट सुटताना असं होतंच. मी म्हटलं, कुठल्या गॅरेजात शिकलीस गं तू? सूनबाई तिथेच होती, तिच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, “आई, अटॅचमेंट म्हणजे माया हो. जीव जडणं.” मग माया म्हणायला काय जिभेला फोड येतो? दोन अक्षरांचा शब्द, त्याला नट नाही की बोल्ट नाही. आता तो शब्द या घरात कधी कोणी वापरला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी सगळं परत लावायला गेले. पण काढणं सोपं, आणि लावणारा खिडकीत बसलेला. छत्री तेवढी बसली, तीही तिरकी, जशी एखाद्याने दारू पिऊन टोपी घालावी. बाकीचं अंगणात पडलंय, दवाने गंजतंय. हे बघत बसतात. बाजूची बैठक तेवढी अजून जागेवर आहे. तिचे नट गंजले होते, निघेनात, म्हणून राहिली.

तर भाऊजी, विनंती एवढीच की तुमच्याकडचा तो तोंडाचा पत्रा पार्सलने पाठवून द्यावा. म्हणजे यंत्र भंगारात जाणार नाही, कुठेतरी कापडाखाली का होईना उभं राहील. स्वतः यायची तसदी घेऊ नका. इतकी वर्षं घेतली नाहीत, आता सवय मोडून तब्येतीला बाधेल. तुम्ही पत्र पाठवत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. पत्र नको, पत्रा पाठवा. एका कान्याचा तर फरक आहे.

जाऊबाईंना खोकल्याची उबळ नसेल तेव्हा माझी आठवण सांगा. शुद्धलेखनाकडे बघू नका. मी दुसरीत शाळा सोडली आणि शाळेने हुश्श केलं.

तुमची (अजून तरी)
वहिनी

ता. क. नट गंजले होते हे खोटं लिहिलं. यांनी त्यांना ग्रीस भरून ठेवलं होतं, नुसत्या बोटांनी फिरले असते. काढायच्या आधी मी त्या बैठकीवर चढून बसले. म्हटलं, आपल्यासाठी केलेल्या वस्तूवर एकदा तरी बसावं. तर पाय ठेवायची पट्टी खाली नाहीच. ती पुढे आहे, सरळ, लांब. माझा पाय तिथवर पोचेना, लोंबकळत राहिला. आणि पट्टी एकच आहे, डाव्या पायाची. डावा पाय असा काठीसारखा पुढे करून आपल्या घरात कोण बसायचं, ते तुम्हीच आठवा. मी खाली उतरले आणि पाना जागेवर ठेवला. राग आला होता. तो यांचा आला की तुमचा, हे अजून ठरलं नाही.

ता. क. दुसरा. पत्रा पार्सलने पाठवू नका. त्या गृहस्थांना मी सांगून टाकलंय की तो मिळत नाही, दिराने त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलंय. मुलगा भंगारवाल्याला बोलावील त्याच्या आत तो पत्रा काखोटीला मारून (सवय आहे तुम्हाला) स्वतः या, आणि धड घेऊन जा. तुमच्याकडे अंगण आहे. तोंड तुमच्याकडेच आहे. पाहिजे तर सगळं ओरिजिनल करा, कपाळावरचं भोकही बुजवा, फक्त ती बैठक काढू नका. यांना मी अधूनमधून आणून तिच्यावर बसवत जाईन. मात्र यांचा ताठ झालाय उजवा पाय, आणि पट्टी डावीकडे. तेवढी दुसरी पट्टी उजवीकडे बसवून द्या. त्यासाठी एक भोक पाडावं लागेल. ते तुमच्या हाताने पाडा.

ता. क. तिसरा. खुर्चीच्या चित्राला हे काय म्हणतात ते लिहिणार नव्हते. ‘धाकट्या’ म्हणतात. बाई फुली मारते.