लायब्ररीतला वन्स मोर

तीर्थरूप बाबा,
ब्राउनश्वाइगहून वाकून नमस्कार.

मी बरी आहे. ऑफिसचं काम संपता संपत नाही, पण जेवते वेळेवर. तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

काल ऑफिसातून तशीच लायब्ररीत गेले. एक अमेरिकन कवयित्री आल्या होत्या, सत्तरीच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली, पहिलं पुस्तक पन्नाशीत निघालं, आता सात झाली. ऐकायला आम्ही नऊ जण. बाईही माझ्यासारख्याच दमलेल्या दिसत होत्या.

बसमध्ये कुणाचा तरी राहिलेला हातमोजा, अशी कविता होती. माझ्या तोंडून सवयीनं मोठ्यांदा निघालं, "वा! वन्स मोर!" इथे जर्मनीत कविता चालू असताना कोणी खोकतसुद्धा नाही. सगळे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई थांबल्या, आणि ती कविता पुन्हा पहिल्यापासून वाचली. नंतर माझा हात धरून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं."

परतताना ट्राममध्ये आठवलं, तुमच्या कवितांना वन्स मोर स्वयंपाकघरातून आई द्यायची. ती गेल्यापासून तुम्ही वही उघडलेली नाही ना?

रविवारी फोन करते. वही जवळ घेऊन बसा. वन्स मोर मी देईन.

तुमची,
विभावरी