शाजिया बोलत नाई म्हणे

गडचांदूर, ७ जानेवारी २०२५

चि. फरहाले नानीचे दुवा-सलाम, वि. वि.

पहिले आली शेजारची सत्यशीला, नवीन लुगडं नेसून. पाव्हणे तिच्या मागून! शहरातल्या रीतामॅडम आणि एक फोटोवाला. आपल्यासारख्या समाजांतल्या स्वमग्न माणसांच्या जीवनकथा जपून ठेवतात म्हणे, तुझ्या बहिणीची, शाजियाची लिहायले आल्या. मी म्हणलं, स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेली ना? मग सत्यशीलेची लिहा, आरशासमोरून हटत नाई.

मॅडमनं शाजियाले विचारलं, तुला कसं वाटतं. शाजियानंही तेच विचारलं, तुला कसं वाटतं. मॅडमनं कागदावर लिहिलं, बोलत नाही. मग दोन तास मीच बोलली. माझं लग्न, आपलं बांगड्यांचं दुकान, तुझ्या नानांचं घोरणं, सगळं भरलं मशीनमध्ये. पुढच्या बुधवारी पुन्हा येतात.

फोन काऊन नाई केला म्हणशील? शाजिया ऐकते आणि सांजेले साऱ्या मोहल्ल्याले माझ्याच आवाजात ऐकवते.

लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुझी नानी, सुलताना

नागपूर, १० जानेवारी

ती. नानीस सलाम, वि. वि.

कथा शाजियाची आणि घोरणं नानांचं? नानी, बुधवारी तोंडात पान ठेव. मी नर्सिंगला निघाले तेव्हा महिनाभर ती दारात उभी राहून माझ्याच आवाजात ‘येते हं’ म्हणायची, आठवतं? ते बोलणंच होतं. आपण गेल्यावर तिच्या नावानं तो कागद तेवढा उरेल. ‘बोलत नाही’ खोडायला लाव.

सत्यशीलामावशीच्या आरशाला सलाम. माया असू दे.
फरहा

गडचांदूर, १६ जानेवारी

चि. फरहाले दुवा, वि. वि.

पान ठेवलं, तरी तुझं म्हणणं सांगितलं. मॅडम अशा हसल्या, जशी मी बालवाडीतली पोरगी. तेवढ्यात बांगड्या जोडता जोडता शाजिया बोलली, हुबेहूब मॅडमच्या आवाजात. पहिले खोकली, मग हॅलो, रेंज नाहीये, मग म्हणे म्हातारीची बडबड कापून टाका, मुलगी मुकीच दाखवू, लोकांना रडू आलं पाहिजे. पहिल्या दिवशी जाताना मॅडम गाडीपाशी फोनवर असंच बोलल्या होत्या! फोटोवाल्याच्या नाकातून चहा आला. मॅडमचं तोंड कच्च्या रोटीसारखं. मी तर खुशीनं पानच गिळलं.

मग शाजिया माझ्या आवाजात बोलली. गप बस गं, पाव्हणे आले आहेत. एकदा नाई, सात वेळा. सत्यशीला माझ्याकडे पाहे, मी जमिनीकडे. लहानपणापासून तिले हेच म्हणत आली ना मी.

मॅडमनं स्वतःच्या हातानं ‘बोलत नाही’ खोडलं. मी म्हणलं, माझं ‘गप बस’ पण लिहा, कापू नका.

माया आटू देऊ नको, आणि सुट्टीत ये, दारात तुझी वाट पाहून राह्यली ती.
तुझी नानी

ता. क. पाव्हणे बुधवारी, २२ तारखेले, अकरा वाजता नक्की येतो म्हणाले. शाजियानं ऐकलं आहे.