बावीस तासांत म्हसा धरलेलं नाही

म्हसा, १२ जून

प्रिय रूपेश,

फोनवर बाबा शेजारीच असतात, स्पीकर लावायला लावतात, म्हणून हे लिहून फोटो पाठवतेय. कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय महिना-दीड महिनाच काढेल असं सांगितलंय, ते तुला माहीतच आहे. तू म्हणालास, काही झालं की लगेच निघतो, बावीस तासांचा तर प्रश्न आहे.

मी मोजून पाहिलं. टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये एक विमान बदलायचं, बावीस तास. बरोबर आहे तुझं. फक्त ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. आधी तिकीट मिळायला हवं, इकडे उतरल्यावर बॅगा, मग कल्याण, मुरबाड, म्हसा, आणि पावसात पाड्यावर रिक्षा येत नाही, तो अर्धा तास चिखलातून. आईच्या वेळी तू एक्केचाळीस तासांनी दारात आलास. धावतपळतच आलास, ते मी पाहिलंय.

त्या वेळात इथे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. पाहुण्याला कशाला, म्हणून. ऐन लावणी होती, भाताचं आवण खणून रोपांच्या मुठी बांधलेल्या. पाड्यात मयत असेपर्यंत कुणी चूल पेटवत नाही, शेतात उतरत नाही. आई बर्फाच्या पेटीत आणि अख्खा पाडा आपल्या अंगणात उपाशी बसलेला, पोरांच्या हातात बिस्किटं. शेजारच्या रंभाकाकूच्या मुठी ढिगातच तापून पिवळ्या पडल्या. तिनं मग दुसऱ्यांकडून आवण मागून आणलं आणि अर्धंच शेत लावलं. बाबांना तिच्याकडे मान वर करून बघवेना.

मला तुझा राग आला होता. अजून आहे. तू लांब गेलास म्हणून नाही रे, तुझे फॉर्म तर मीच भरले होते. पण त्यानंतर दोन वर्षांत तू एकदाही आला नाहीस.

बाकी बाबा बरे आहेत म्हणायचे. सुकट बंद केली म्हणून माझ्याशी भांडतात. तुझा फोन ठेवला की तिकडे आता किती वाजले असतील ते बोटांवर मोजतात आणि दरवेळी चुकतात. मी दुरुस्त करत नाही.

परवा त्यांनी रंभाकाकूला आणि पाड्यातल्या लखमाभाऊला बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत माझ्याकडून शब्द घेतला. माझ्यापायी कोणाची लावणी नाय अडवायची, त्याच दिवशी न्यायचा मला, रूपेशची वाट नाय बघायची, असं म्हणाले. मी हो म्हटलं. तुला यातलं काही कळवायचं नाही, यालाही हो म्हटलं. हा दुसरा शब्द मी आत्ता मोडतेय. पहिला मोडणार नाही. तेव्हा काही झालं की निघतो, असं आता म्हणू नकोस. हे वाचून नीघ. नंतर आलास तर मी तुला जेवायला वाढीन रे, पण बाबा दाखवू शकणार नाही.

तुझीच,
वंदनाताई