उचलून सांगतो वजन

सोमवार, ३ तारीख. सकाळी ८.
आमच्या मुलांच्या दवाखान्यात निदान शिकवणारा कॉम्प्युटर आलाय. आत खोटी बाळं, खोटी दुखणी. आपण विचारायचं, तपासायचं, औषध लिहायचं. सत्तर मार्क पडले तरच गुरुवारचा विद्यार्थ्यांचा तास माझ्याकडे राहणार. हा नियम कुणी आणला? घरच्याच सूनबाईने! तीही मुलांची डॉक्टर, पण परवा परवा झालेली. माझी चाळीस वर्षं झाली. कॉम्प्युटरही माझा मीच शिकलोय, दोन बोटांनी. संकल्प : नव्वदच्या खाली उतरायचं नाही.

दुपारी ४.
बारा.
बाळाला ताप. माझ्या पद्धतीने आधी हसवायला गेलो. टाइप केलं, कोण आलं बघू, चिऊ आली का? पाच मार्क वजा. त्याच्या आईला विचारलं, तू जेवलीस का? पुन्हा वजा. सूनबाई म्हणाली, बाबा, हसवू नका, ते चित्र आहे. असेना का चित्र. घाबरलेलं दिसत होतं.

मंगळवार, ४.
एकतीस! अडीचपट प्रगती.
औषधाआधी वजन मागतात. 'काट्यावर ठेवा' असं बटण आहे. मी काट्याला शिवत नाही. बाळ उचललं की वजन हाताला कळतं. गुरुवारी पहिला धडा हाच देतो. स्क्रीनमधून उचलता येईना, म्हणून नजरेनेच आठ किलो लिहिलं. औषध जास्त झालं, बाळ अत्यवस्थ. साडेपाचचं होतं म्हणे. गाल बघा की त्याचे! सूनबाई म्हणाली, बाबा, बटण दाबा ना, वीस मार्क आयते मिळतील. म्हटलं, पट्टीच्या पोहणाऱ्याला भोपळा बांधतेस?

बुधवार, ५. सकाळी ११.
वॉर्डात सगळ्यांदेखत सिद्ध करून दाखवलं. पहिलं बाळ उचलून सांगितलं, अकरा. सिस्टरने काट्यावर ठेवलं, तेरा. दुसरं नऊ, भरलं सात. तिसरं हलत होतं, ते धरायचं नाही. काटा बिघडलाय. दुरुस्तीवाल्याला बोलावलंय.

दुपारी ३.
दुरुस्तीवाल्याने पाचाचं वजन ठेवलं, पाच. दहाचं ठेवलं, दहा. मग मला म्हणाला, साहेब, डोळे मिटा. हातात काहीतरी दिलं. मी म्हटलं, सात. पाचाचंच होतं. त्याने विचारलं, काटा ठीक आहे, आणखी काही दुरुस्तीला द्यायचंय का?
चाळीस वर्षांची औषधं! सिस्टरला गाठून विचारलं, मग आजवर माझ्या हातून काय काय झालं असेल? ती म्हणाली, काही झालं नाही डॉक्टर. तुम्ही आकडा सांगायचात, मी हो म्हणायचे आणि काट्यावरचा लिहायचे. माझ्या आधीच्या सिस्टरनेच शिकवलं होतं. औषधाचं माप आम्हीच काढून ठेवायचो, तुम्ही सही करायचात. विचारलं, मग कधी बोलली का नाहीस? म्हणाली, तुमच्या कडेवर पोरं गप्प व्हायची. कशाला थांबवू?
बराच वेळ हात धूत बसलो.

गुरुवार, ६.
शेवटची परीक्षा. बटण दाबलं. एकोणसत्तर. चिऊचे पाच गेले. राहवलं नाही.
तास झाला. विषय : वजन. शिकवायला सिस्टर. मला मदतनीस नेमलंय. काटा मोकळा होईपर्यंत बाळ कडेवर घेऊन उभं राहायचं. काम जबाबदारीचं आहे. वजन करून परत आलेल्या एका पोराने माझ्या शर्टावर मनसोक्त शू केली. मी लगेच जाहीर केलं, आता पन्नास ग्रॅम कमी भरेल. सिस्टरने पुन्हा काट्यावर ठेवलं. शंभर कमी.
पण कमीच भरणार, हे मी ओळखलं होतं.