बर्फ, राकी, पाणी

२ एप्रिल

सल्लागार आला! मालकांनी उन्हाळ्यासाठी गच्चीवरच्या बारमध्ये 'तुर्की संध्याकाळ' काढायचं ठरवलंय, आणि हे गृहस्थ ती काढून देणार. तुर्कस्तानात किती दिवस होता, विचारलं. "चारच. पण डोळे उघडे ठेवून." बाकीचे बहुधा मिटून फिरतात! काउंटरवरच्या मामांकडे मी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. मनातल्या मनात याला पाशा करून टाकलं.

४ एप्रिल

पाशाची यादी माझ्याकडे आली, कारण हॉटेलातला प्रत्येक छापील कागद माझ्या हाताखालून जातो. डाळिंबाचा आटवलेला रस आणि जिन – 'सुलतानाचा उसासा'. गुलाबपाणी, जर्दाळू, व्होडका – 'जनानखान्यातली झुळूक'. मामांनी झुळूक चाखली. "बाई, अत्तराच्या दुकानात ठेच लागून तोंडावर पडल्यासारखं वाटतंय."

चव वाईट नव्हती. हे फक्त इथे लिहिते. उसासा तर मी अर्धा ग्लास संपवला. तरी तिरस्कार कमी होत नाही, म्हणजे तो पेयांचा नाही. मग कशाचा? तो तिशीतला आहे, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालाय, आणि लोक त्याचं ऐकतात. बास, एवढंच!

५ एप्रिल

मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "मामा, तेरा तारखेच्या चाखणीला पाहुण्यांसमोर गडबड झाली तर तुम्ही खाली स्टोअरमध्ये. वर नव्या दमाचा माणूस आणू." बावीस वर्षं काउंटरवर! मामा "बरं" म्हणाले आणि ग्लास उजेडाकडे धरून पुसत राहिले.

८ एप्रिल

राकीवरून जुंपली. राकी म्हणजे बडीशेपेच्या वासाची तुर्की दारू, पाणी पडलं की पांढरी होते. तिकडे तिला 'सिंहाचं दूध' म्हणतात, असं पाशा म्हणाला.

"सिंहाला कुठलं दूध?" मामा म्हणाले. "सिंहिणीला असतं."

"मामा, हे सांस्कृतिक आहे!"

"दूध आहे म्हणता ना?"

कार्डावर मी 'सिंहिणीचं' केलं. पाशाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

१० एप्रिल

काउंटरवर लावायचा कृतीचा कागद तपासायला आला. पाशाने लिहिलंय – बर्फ, राकी, पाणी. बाटल्यांच्या खोक्यात एक माहितीपत्रक होतं, ते मी कार्डासाठी वाचलं होतं. त्यात ठळक अक्षरांत दिलंय – आधी राकी, मग थंड पाणी, बर्फ शेवटी. नाहीतर राकी गारठते आणि पांढरे पापुद्रे धरते.

मी कागदातल्या सात चुका काढल्या. 'पुदीना' ऱ्हस्व केला, 'विस' दीर्घ केला. क्रमाला हात लावला नाही. शुद्धलेखन तपासणं माझं काम, शहाणपण तपासणं नाही. पडू दे तोंडघशी!

(हे वाक्य लिहून पाच मिनिटं झाली. खोडत नाही.)

१३ एप्रिल

चाखणी झाली. ऊन उतरल्यावर पाहुणे जमले. मामांनी कागदाबरहुकूम साठ ग्लास मांडले – आधी बर्फ, त्यावर राकी. पाणी ओतेपर्यंत वर पांढरे पापुद्रे तरंगायला लागले. एका पाहुणीने ग्लास नाकापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "यात साबण आहे." मग काय, सगळ्यांनाच साबण दिसायला लागला.

"डोळे गेले तुमचे, मामा!" मालक ओरडले. "ग्लास धुता येत नाहीत? उद्यापासून खाली बसा."

मी पाशाच्या तोंडाकडे पाहत होते. पडायचा तो होता! मामांकडे पाहायचं सुचलंच नाही.

नाही. सुचलं होतं.

१४ एप्रिल

सकाळी गच्चीवर गेले तर मामा खाली स्टोअरमध्ये जायच्या आधी साठच्या साठ ग्लास पुन्हा धूत बसलेले.

"आता कशाला, मामा?"

"बघतो बाई, साबण कुठे राहिला ते."

सांगायला तोंड उघडलं. "जपून, हात कापेल," एवढंच बाहेर आलं. खाली येऊन दिवसभर कार्डं तपासली. एकही चूक सुटली नाही.

१५ एप्रिल

पाशा आपणहून मालकांपुढे जाऊन उभा राहिला. "घरी करून पाहिलं. क्रम माझा चुकला. मामांचा काही दोष नाही." मामा परत काउंटरवर. पाशाचं काम गेलं.

जाताना माझ्या टेबलाशी थांबला. "ताई, इथे सगळे माझी टिंगल करत होते. तुम्ही एकट्यांनी माझं लिहिलेलं मन लावून वाचलंत."

"त्यात काय," मी म्हणाले.