अकरा वस्तू

मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५, संध्याकाळी ७.४०. कुकर लावलाय, होईपर्यंत लिहितो.

दुपारी दुकानात एका बाईच्या पिशवीत बिल न केलेला साबण सापडला. मीच पकडलं. त्याचाच पगार आहे मला.

मॅनेजर म्हणाले, "माफीनामा घे, अन् सोड." तिला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिला. महिनाअखेरच्या मोजणीत दहा वस्तू कमी भरल्यात. त्याही तिनंच आधी नेल्या, असं लिहायला सांगितलं.

"सर, साबण एकच होता."

"मंग बाकीचे तुह्या पगारातून कापू काय? लिही गुमान."

लिहिलं. शुद्ध, एकही खाडाखोड नाही.

अंगठा लावण्याआधी ती म्हणाली, "भाऊ, वाचून दाखव ना जी."

मी फक्त साबण वाचला. खालच्या दहा ओळी नाही.

"बराबर लिवलं ना?"

"हो, ताई."

तिनं अंगठा लावला. शाई कुठं पुसू, म्हणाली. मी माझा रुमाल दिला.

पुढं काही हरवलं तर तोच कागद पोलिसांना दाखवतील. तिनं अकरा वस्तू कबूल केल्यात. मला वाईट वाटायला हवं ना? वाटत नाही. रुमाल दोनदा धुतला. शाई तशीच आहे. तिसरी शिटी झाली.

खर्च: मेथी २०, दूध ३२.
पगारातून कपात: काही नाही.
देणं: तिला खरं सांगायचं. पत्ता राजापेठेतलाच आहे, मीच लिहिलाय.